पगाराची नोकरी आणि कागदाचे काम

बडोद्यात रसायनशास्त्र शिकलेल्या मुलीने पुढे काय करायचे, हे तिला फारसे ठरवावे लागत नाही. गावानेच ते ठरवून ठेवलेले असते. १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, त्याच दशकात खताचा मोठा कारखाना उभा राहिला, १९६९ मध्ये पेट्रोरसायनांची सरकारी कंपनी स्थापन झाली आणि त्यांच्या आसऱ्याने नंदेसरी, रानोली, मकरपुरा या भागांत औषधे, रंग आणि त्यांना लागणारी रसायने तयार करणारे लहानमोठे कारखाने वाढत गेले. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या मराठी घरांतली माणसे दोन पिढ्या सकाळच्या बसने या पट्ट्यात कामाला जात आली आहेत. माझे वडील खत कारखान्यातून निवृत्त झाले. मी सयाजीराव विद्यापीठातून एम. एस्सी. केले आणि २०१३च्या जूनमध्ये एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, रुजू झाले, तेव्हा घरी पेढे वाटले गेले, आणि तो आनंद अगदी रास्त होता.

याच गावात आणखी एक परंपरा आहे आणि तिच्यातही रसायनशास्त्राला काम आहे, हे मला विद्यार्थिदशेत कोणी सांगितले नव्हते. तिसऱ्या सयाजीरावांनी जमवलेल्या वस्तू आणि चित्रे कमाटीबागेतल्या संग्रहालयात आहेत. प्राच्यविद्या मंदिरात हजारो हस्तलिखिते आहेत आणि वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती तिथेच सिद्ध होऊन १९७५ मध्ये पूर्ण झाली. विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे, आणि तो देशातला पहिला. या सगळ्या कागदाला, रंगाला आणि ताडपत्राला ओल लागते, धूळ लागते, कसर लागते. त्यावर उपाय करणाऱ्या माणसाला सेल्युलोज (कागदाचा मूळ तंतुमय घटक), आम्ल, अल्कली आणि द्रावक यांची नीट जाण असावी लागते. औषध कंपनीतली दहा वर्षांची नोकरी सोडून मी या दुसऱ्या कामात, जुन्या कागदांच्या संवर्धनात, आले. त्या निर्णयापर्यंत मी कशी पोहोचले ते सविस्तर लिहावेसे वाटते, कारण अशा निर्णयांच्या ज्या हकिकती ऐकायला मिळतात त्यांत धाडस पुष्कळ असते, पण हिशेब सापडत नाही.

आधी नोकरीबद्दल. तिच्याविषयी वाईट बोलणे मला जमणार नाही. क्यूसी लॅबमधले काम नेटके असते. एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, नमुना लावायचा, आलेखातल्या शिखरांची मांडणी वाचायची, कार्ल फिशर पद्धतीने पाण्याचे प्रमाण काढायचे, प्रत्येक आकडा त्याच क्षणी नोंदवहीत लिहायचा आणि आपल्या सहीने बॅच बाहेर जाणार आहे याचे भान ठेवायचे. ज्या गोळीची तपासणी मी केली ती कोणीतरी रुग्ण घेणार आहे, हा विचार मला शेवटपर्यंत महत्त्वाचा वाटला. पगार वेळेवर होत असे, वरिष्ठ सभ्य होते आणि शेवटी शेवटी हातात अठ्ठ्याहत्तर हजार रुपये येत होते. एखादी नोकरी सोडण्याचा विचार मनात आला की ती वाईट ठरवण्याचा मोह होतो, कारण त्यामुळे निर्णय सोपा होतो. परंतु तसे केले असते तर मी काय सोडते आहे याचे खरे मोल मला कधीच कळले नसते.

कागदाच्या कामाशी माझी ओळख पुरामुळे झाली. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात पाचशे मिलिमीटरच्या जवळपास पाऊस झाला आणि विश्वामित्रीचे पाणी सखल वस्त्यांत शिरले. सासऱ्यांच्या मामांचे घर त्यांपैकी एका वस्तीत होते. पाणी ओसरल्यावर आम्ही मदतीला गेलो, तेव्हा खाटेखालची पत्र्याची ट्रंक उघडली. तिच्यात घराण्याचे कागद होते: तळाशी मोडीतली जुनी पत्रे आणि हिशेबाचे कागद, वरच्या बाजूला १९४० नंतरची खरेदीखते, पावत्या, शाळेचे दाखले. सगळे भिजून एकाच गठ्ठ्यासारखे झाले होते. ओळखीतून संग्रहालयशास्त्र शिकलेल्या आणि संवर्धनाच्या कामातून निवृत्त झालेल्या एका बाईंना फोन केला. त्यांनी बजावले की कागद ओढून वेगळे करू नका, उन्हात ठेवू नका, आणि जेवढे आज वाळवता येणार नाहीत तेवढे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये घाला, कारण अठ्ठेचाळीस तासांत बुरशी धरायला लागते. आम्ही शेजाऱ्यांचाही फ्रीझर वापरला.

पुढे बाईंच्या देखरेखीखाली ते कागद एकेक करून सोडवताना मला जे दिसले, त्याने माझे सगळे लक्ष खेचून घेतले. जो कागद जुना, तो शाबूत होता. मोडीची पत्रे चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने केलेल्या कागदावर लिहिलेली. पाण्यातून काढली तरी त्यांचा धागा सुटला नव्हता, आणि काजळीची शाई काही ठिकाणी पसरली तरी तिचा काळेपणा तसाच होता. उलट त्यांच्यापेक्षा कितीतरी नंतरची खरेदीखते घडीवर तुटत होती, कडा बोटांना लागताच भुगा होत होत्या आणि जांभळ्या रबरी शिक्क्यांचा रंग पानभर उतरला होता. मी एका कोपऱ्यावर ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब ठेवून आम्लता दाखवणारी पीएच पट्टी लावली; सातच्या खालचा आकडा म्हणजे आम्ल. खरेदीखताचा पीएच साडेचारच्या आसपास, मोडी पत्राचा सातच्या वर. लाकडाच्या लगद्याचा कागद, त्याला शाई फुटू नये म्हणून लावलेली तुरटी आणि राळ, त्यातून हळूहळू तयार होणारे आम्ल, आणि ते आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या तोडत राहते: हे सगळे मी पुस्तकात कधीतरी वाचले असेन, पण आपल्याच घरातल्या माणसाच्या सहीखाली ते घडताना प्रथमच पाहिले. त्या दिवशी मला जे वाटले ते जुन्या वस्तूंविषयीचे प्रेम नव्हते. मला ती रासायनिक क्रिया थांबवायची होती.

त्यानंतर बहुतेक रविवार मी बाईंकडे जाऊ लागले. मधल्या साथीच्या काळात खंड पडला, पण पुन्हा सुरुवात झाली. बाईंनी मला आवडीचे काम आधी दिलेच नाही. एका खासगी संग्रहातल्या दफ्तरांची कोरडी सफाई दिली. मऊ कुंचल्याने पानाच्या मध्यापासून कडेकडे धूळ सारायची, दोन्ही बाजू, प्रत्येक पान. मग पान क्रमांक, लांबी-रुंदी, फाटलेल्या जागा, डाग, किडीची भोके, शाईची स्थिती यांची नोंद करायची. हे महिनोन्महिने चालले. जुन्या पोथ्यांत हरताळ वापरलेला असतो, म्हणजे आर्सेनिकचे संयुग, म्हणून मास्क आणि हातमोजे घालून काम करायचे, आणि बडोद्याच्या मे महिन्यात पंखाही बंद ठेवायचा, कारण तुकडे उडतात. मला वाटते की आवडीच्या कामाची परीक्षा इथेच होते. दुरुस्त झालेले सुंदर पान हातात घेणे कोणालाही आवडेल. चाळिसाव्या धुळकट पानाची नोंद पहिल्या पानाइतक्याच काटेकोरपणे करावीशी वाटते का, हे पाहावे लागते. मला तसे वाटत होते, आणि त्याचे एक कारण क्यूसीची सवय हेही होते.

दुरुस्ती शिकायला मिळाली ती त्यानंतर. फाटलेल्या जागेवर लावायचा जपानी टिश्यू, म्हणजे लांब तंतूंचा पातळ कागद, कात्रीने कापायचा नसतो. ओल्या कुंचल्याने रेघ ओढून तो त्या रेघेवर अलगद फाडायचा, म्हणजे कडेला तंतू मोकळे सुटतात आणि जुन्या कागदात मिसळून जातात. गव्हाच्या स्टार्चची खळ शिजवून, गाळून, ताकाइतकी पातळ करून लावायची. तिच्यावर शोषक कागद, मग वजन. उद्या कोणाला याहून चांगला उपाय सापडला तर आपली दुरुस्ती पाण्याच्या ओलाव्याने सोडवता आली पाहिजे, हा या कामाचा पहिला नियम आहे. बाजारातले जुने बाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत आले आहेत; हेतू चांगला, पण मोरचुदातले तांबे कागदाचे आयुष्य कमी करते. अशी एकेक गोष्ट कळत गेली तसतसे मला जाणवले की माझे शिक्षण इथे अधिक खोलवर वापरले जाते आहे.

मग जवळची माणसे जे सांगतात तेच मलाही सांगण्यात आले: नोकरी चालू ठेव, हौस रविवारी भागव. हा सल्ला अनेक आवडींच्या बाबतीत शहाणपणाचा आहे. आमच्याच लॅबमधले एक सहकारी दर शनिवारी भजनाला पेटीची साथ करतात आणि त्यात पूर्ण समाधानी आहेत. माझ्या कामाला तो लागू पडला नाही, आणि त्याचे कारण अगदी व्यावहारिक होते. आम्लयुक्त कागद आधी तपासावा लागतो, शाई पाण्यात सुटते का हे अक्षरागणिक पाहावे लागते, मग धुणे, कॅल्शियमच्या द्रावणात आम्लमुक्त करणे, हळूहळू वाळवणे, दाबाखाली ठेवणे आणि शोषक कागद वेळोवेळी बदलणे, हे सगळे सलग दिवसांचे काम आहे. रविवारी दाबाखाली ठेवलेल्या पानाचा शोषक कागद सोमवारी बदलायचा असतो आणि सोमवारी मी कारखान्यात असे. त्यामुळे रविवारी मी फक्त सफाई आणि लहान दुरुस्त्या करू शकत होते. ज्या कामासाठी रसायनशास्त्रज्ञ लागतो तेच माझ्या हातून होत नव्हते. ही अडचण नीट ओळखता आली तेव्हा कुठे निवड करणे भाग आहे हे मला पटले.

२०२२च्या नवरात्राच्या सुमारास बाईंनी सांगितले की एक ट्रस्ट आपल्या ग्रंथसंग्रहाचे संवर्धन हाती घेणार आहे आणि पुढच्या वर्षी त्यांना प्रशिक्षित माणूस लागेल. पद कंत्राटी, मानधन महिना तीस हजार, पीएफ नाही, विमा नाही, मुदत संपली की पुढचे काही सांगता येत नाही. या क्षेत्रातल्या बऱ्याच नोकऱ्या अशाच असतात: प्रकल्प असेतोवर मानधन, नंतर पुढच्या प्रकल्पाची वाट. कायमची पदे मोजकी आहेत आणि त्यांच्यासाठी रीतसर पदवी लागते. माझ्याजवळ ती नव्हती. म्हणून मी आधी शिल्लक रजा टाकून प्रशिक्षणाचे अल्प मुदतीचे वर्ग केले आणि त्यांची प्रमाणपत्रे जमवली.

पैशाचा विचार आम्ही दिवाळीपासून सुरू केला. माझे पती बँकेत आहेत. त्यांच्या पगारातून घराच्या कर्जाचा हप्ता निम्मा जातो आणि निम्मा माझ्या पगारातून जात असे. त्यांनी सुचवले की वादविवाद करत बसण्यापेक्षा तीस हजारांत जगून पाहू. पगार जमा झाला की त्याच दिवशी त्यातले अठ्ठेचाळीस हजार दुसऱ्या खात्यात वळते करायचे आणि त्या खात्याचे कार्ड घरात ठेवायचे नाही. दिवाळीपासून पुढच्या गणपतीपर्यंत आम्ही तसे केले.

त्या काळाने आम्हाला जे शिकवले ते कोणाच्या सल्ल्याने कळले नसते. किराणा, भाजी, पेट्रोल यांत फारसा फरक पडला नाही, कारण आमची राहणी तशी साधीच होती. ताण आला तो एकरकमी खर्चांचा. जूनमध्ये मुलीच्या शाळेची फी, लग्नसराईतले आहेर, स्कूटरचे मोठे काम आणि सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, हे चार खर्च मासिक हिशेबात कुठेच बसत नव्हते. ‘महिना तीस हजारांत भागते’ असे वाटत असताना वर्षाचा हिशेब मात्र तुटत होता. म्हणून आम्ही वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांची बेरीज करून तिला बाराने भागले आणि ती रक्कम मासिक खर्चात धरली. तेव्हा खरा आकडा निघाला: माझ्याकडून घराला तीस हजारांपेक्षा थोडे अधिक, साधारण अडतीस हजार लागतात. हा आकडा हातात आल्यावर आमच्या घरातली चर्चाच बदलली. तोपर्यंत आम्ही ‘एवढा पगार सोडायचा का’ असे बोलत होतो; आता ‘आठ हजार कुठून आणायचे’ असे बोलू लागलो. पहिल्या प्रश्नाने माणूस घाबरतो. दुसऱ्यावर काहीतरी करता येते.

कागदपत्रांच्या गोष्टीही मी तपासून घेतल्या, आणि त्यांच्यामुळे राजीनाम्याची तारीख ठरली. कर्मचारी पेन्शन योजनेत दहा वर्षांची सेवा झाली तर अठ्ठावन्नाव्या वर्षापासून मासिक पेन्शन मिळते. पंधरा हजारांच्या वेतनमर्यादेवर दहा वर्षांच्या सेवेचे पेन्शन महिना दोन हजारांच्या थोडे वर जाते, म्हणजे रक्कम मोठी नाही; तरी ते आयुष्यभर मिळणारे पैसे आहेत आणि काही महिने थांबल्याने ते हक्काचे होत असतील तर थांबावे, असे आम्ही ठरवले. माझी दहा वर्षे २०२३च्या जूनमध्ये भरत होती. ग्रॅच्युइटीसाठी १९७२च्या कायद्याप्रमाणे पाच वर्षांची सेवा पुरेशी होती. महिना सव्वीस दिवसांचा धरून शेवटच्या मूळ पगाराच्या आणि महागाई भत्त्याच्या पंधरा दिवसांइतकी रक्कम दर वर्षामागे मिळत असे. माझा मूळ पगार चाळीस हजार होता, त्यामुळे दोन लाख तीस हजारांच्या आसपास येणार होते. ते पैसे मोडायचे नाहीत, मुदत ठेवीत टाकायचे असे ठरले. पीएफ काढला नाही. आरोग्यविमा मात्र सर्वांत आधी केला, नोकरी सोडण्याच्या पुष्कळ आधी, कारण कंपनीचा गटविमा नोकरीबरोबर संपतो आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी काही वर्षे थांबावे लागते. घरात वडीलधारी माणसे असतील तर ही एक गोष्ट कोणीही पुढे ढकलू नये.

बाबांचा विरोध होता आणि तो मी गंभीरपणे घेतला. त्यांनी पगाराचा मुद्दा काढलाच नाही. ते म्हणाले, “आवडीचं काम उद्या आवडेनासं झालं, किंवा प्रकल्पच बंद पडला, तर परतीची वाट राहील का, एवढं मला सांग.” त्यांच्या या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून मी ते शोधायला निघाले. माझ्या क्षेत्रातल्या दोन-तीन वरिष्ठांना विचारले. सगळ्यांचे म्हणणे एकच होते: उपकरणांवरचा हात आणि नियमावलीचे ज्ञान ताजे असेल तर परत घेतात; दोन-तीन वर्षे पूर्ण तुटलेल्या माणसाला खालच्या पदावरून सुरुवात करावी लागते. यातूनच मार्ग सापडला. गावातल्या एका खासगी तपासणी प्रयोगशाळेला आठवड्यातून दोन दिवस अहवालांवर सही करू शकणारा अनुभवी विश्लेषक हवा होता. मोबदला महिना सोळा हजार. मी ट्रस्टशी बोलून आठवड्याचे चार सलग दिवस, सोमवार ते गुरुवार, चोवीस हजारांवर मान्य करून घेतले आणि शुक्रवार-शनिवार प्रयोगशाळेला दिले. दोन्ही मिळून चाळीस हजार होतात, म्हणजे आमच्या अडतीस हजारांच्या आकड्याच्या थोडे वर.

सासूबाईंचे मत सर्वांत स्पष्ट होते. त्या म्हणाल्या, “पैसे कमी आले तर मला चालेल, पण त्याची कुरकुर घरात रोज ऐकू यायला नको.” हे वाक्य मी फार मनावर घेतले. आपण आवडीसाठी कमी पगार पत्करतो तेव्हा घरातली बाकीची माणसेही तो पत्करत असतात, आणि त्यांना ती आवड नसते. मुलीच्या नृत्याच्या क्लासला आणि सुट्टीतल्या पुण्याच्या फेरीला कात्री लागणार नाही, एवढे आम्ही हिशेबात आधीच बसवले.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहायलाच हवी. माझ्या घरात दुसरा कायम पगार आहे. तो नसता, किंवा आईवडिलांचा खर्च माझ्या एकटीवर असता, तर हाच हिशेब मांडून मी नोकरीत राहिले असते, आणि तो निर्णयही मान ताठ ठेवून घेतला असता. ‘मनापासून हवे असेल तर मार्ग निघतोच’ असे तरुण मुलांना सांगितले जाते तेव्हा मला वाईट वाटते, कारण ज्यांच्यावर घर अवलंबून आहे त्यांच्या मनात हवेपण कमी होते असा त्याचा अर्थ होतो.

२०२३च्या गणपतीनंतर मी राजीनामा दिला. नोटीसचा काळ पूर्ण केला, सगळ्या नोंदी हातावेगळ्या केल्या आणि ट्रस्टच्या कामावर रुजू झाले.

त्या निर्णयाची खरी कसोटी पुढच्या वर्षी लागली. एका संग्राहकाने एक सचित्र पोथी आणली. पानांवर पिवळे-तपकिरी डाग होते आणि ते जाऊन पाने स्वच्छ दिसावीत, तेही महिन्याच्या आत, अशी त्यांची मागणी होती. मोबदला माझ्या ट्रस्टच्या दोन महिन्यांच्या मानधनाइतका होता. पोथीच्या चौकटींना हिरवा रंग होता, जंगाल, म्हणजे तांब्यापासून केलेला. जिथे जिथे तो रंग लागला होता तिथे कागद तपकिरी होऊन भेगाळला होता. मागच्या बाजूने पाहिले तर चौकटीची रेघ जळल्यासारखी उमटलेली दिसे. असे पान धुतले तर तांब्याचे आयन ओलाव्याबरोबर आसपासच्या कागदात पसरतात आणि नुकसान चौकटीबाहेर जाते. विरंजक, म्हणजे रंग उडवणारे रसायन, वापरला तर डाग जातील, पान काही वर्षे गोरे दिसेल आणि सेल्युलोज आणखी दुबळे होईल. मी त्यांना हे दाखवले, सफाई, कमकुवत कडांना कोरडा आधार आणि आम्लमुक्त वेष्टन एवढेच करता येईल असे सांगितले, आणि त्यांनी पोथी परत नेली.

ते गेल्यावर मी विचार केला की प्रयोगशाळेचे सोळा हजार येत नसते, मुलीची फी तोंडावर आली असती, तर मी त्यांना तेवढ्याच ठामपणे नाही म्हणू शकले असते का. मला खात्री नाही. संवर्धनात सगळे नुकसान आळसाने होत नाही. पुष्कळदा ते घाईच्या, पैशाची गरज असलेल्या, चांगल्या हाताच्या माणसाकडून होते. निवड करण्याआधी पैशाचा जो विचार मी केला, तो माझ्या घरासाठी केला असे मला वाटत होते. त्याचा उपयोग त्या पोथीलाही झाला, आणि हे मला आधी सुचले नव्हते. त्यामुळे प्रयोगशाळेचे दोन दिवस सोडून पूर्ण वेळ कागदाला द्यावा, असे काही हितचिंतक आता सांगतात तेव्हा मी ते ऐकत नाही.

काही गोष्टींची उणीव जाणवते. लॅबमधली माणसे, दुपारचा एकत्र डबा, नवे उपकरण आले की होणारी लगबग, यांची आठवण येते. ट्रस्टच्या खोलीत मी बहुधा एकटी असते. पावसाळ्यात आर्द्रता पंचावन्न टक्क्यांच्या आत ठेवण्यासाठी यंत्र लावून मागितले होते. ते मंजूर व्हायला एक आख्खा पावसाळा गेला, आणि कारखान्यात अशी गोष्ट आठवड्यात होते. मोठ्या पगाराबरोबर साधनांची श्रीमंतीही येते, हे मी जाण्याआधी नीट जोखले नव्हते. पण आम्लमुक्त केलेल्या पानांची वर्षभराने पुन्हा तपासणी केली आणि पीएच टिकून राहिलेला दिसला, तेव्हा मी त्या आकड्यांकडे बराच वेळ पाहत होते. औषधाच्या बॅचचा आकडा बरोबर आला की मला हायसे वाटत असे. इथे आनंद झाला.

ट्रस्टने मुदत वाढवली आहे, मानधन तेवढेच ठेवले आहे. आम्ही दर पाडव्याला हिशेबाची वही घेऊन बसतो आणि तिच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या तीन अटी वाचतो. शिल्लक एका वर्षाच्या हप्त्यांपेक्षा आणि फीपेक्षा खाली गेली, तर मी पूर्ण वेळ नोकरी शोधायची. प्रयोगशाळेचे काम सुटले आणि चार महिन्यांत दुसरे मिळाले नाही, तरीही शोधायची. या दोन अटी पतींनी सुचवलेल्या आहेत. तिसरी माझी आहे: मिळकत टिकवण्यासाठी कागदाला अपायकारक असे काम घ्यावे लागले, तर त्याच महिन्यात क्यूसीला परत जायचे. या पाडव्याला तिन्ही वाचल्या, कोणतीही लागू झालेली नाही, आणि पतींनी खाली तारीख घालून सही केली.